कपिलेचा पितळी बिल्ला

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय व्याही,

सादर नमस्कार. पत्र पाहून आपल्याला नवल वाटेल. परंतु दूरध्वनीवर मला आपले नीट ऐकू येत नाही आणि आपल्याला माझे ऐकून घ्यायचे नसते, तेव्हा महत्त्वाचे काम कागदावरच बरे.

आपल्या दोघांच्या नातीला घाटमाथ्यावरच्या वेधशाळेत नोकरी लागल्याचे आपण जाणताच. सोळा एप्रिलला ती रुजू होईल. सात वर्षांची असताना ती माझ्या गाडीच्या मागच्या आसनावर उभी राहून म्हणाली होती, ‘‘आजोबा, मी मोठी झाले ना, की मला कामावर पहिल्या दिवशी तुम्हीच सोडायचं. कपिलेतून.’’ मी हो म्हणालो होतो. परवा तिचे पत्र आले, त्यात एकच वाक्य आहे: ‘‘आजोबा, लक्षात आहे ना?’’

लक्षात आहे, पण कपिला उभी आहे. तिच्या कार्ब्युरेटरचा, बोल्ट जिथे आवळतात तो, एक कान तडकला. सांधून पाहिला, तरी पेट्रोल पाझरते. आमचे गॅरेजचे वस्ताद म्हणतात, ‘‘साहेब, हा माल आता मिळत नाही. दुसरं काहीतरी जुळवून देतो की!’’ दुसरे काहीतरी! ज्या गाडीत मूळचा नाही असा एकही भाग नाही, जिला मी अजूनही तिसऱ्या गियरमध्ये घाट चढवतो, तिला काहीतरी बसवायचे?

आपल्या शहरात बंदरामागे जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे आणि आपली हयात जहाजांच्या इंजिनांत गेली आहे. म्हणून ही विनंती. कार्ब्युरेटरच्या झाकणावर पितळी बिल्ला आहे. त्यावर ‘२६ बी’ असा क्रमांक ठसठशीत कोरलेला आहे. तोच क्रमांक हवा, दुसरा चालणार नाही. सोबत आकृती जोडली आहे. वस्तूचे तोंड कागदावर टेकवून कडेने पेन्सिल फिरवली असल्यामुळे तीत केसाइतकीही चूक नाही.

आमच्या सौभाग्यवतींचे मत असे की, वस्ताद म्हणतात ते करावे. त्यांना यंत्रातले काय कळणार! तरीही त्यांचा नमस्कार कळवतो.

आपला,
निवृत्त मुद्रितशोधक

*

२० फेब्रुवारी

व्याहीबुवा,

नमस्कार! तुमचं पत्र वाचलं आणि टोपी घालून थेट बाजार गाठला. काय सांगू, दोन दिवस सोनं लुटल्यासारखे गेले. बोटीवरून उतरल्यापासून माझ्या हाताला ग्रीस लागलं नव्हतं. घरी आलो तर बायको म्हणाली, ‘‘अंगाला वास कसला येतोय?’’ म्हटलं, ‘‘तारुण्याचा.’’

तर बाजारात एक दुकानदार आहे, त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात, कारण इंजिनाला हात लावण्याआधी तो कान लावतो. त्याच्या माळ्यावर कार्बोरेटरांचा नुसता डोंगर! मी तुमचं चित्र टेबलावर पसरलं आणि एकेक कार्बुरेटर त्यावर ठेवून बघायला लागलो, पोराच्या पायाला बूट लावून बघावेत तसा. एकही बसेना. शेवटी डॉक्टरने चष्मा कपाळावर चढवला, चित्र बघितलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, हे मोटारीचं तोंडच नाही. हे व्हॅनचं तोंड आहे. सामान वाहणाऱ्या व्हॅनचं.’’

म्हटलं, ‘‘अहो, बिल्ल्यावर नंबर आहे ना!’’

तर म्हणाला, ‘‘बिल्ला काय, माझ्या शर्टवर लावला तर मी सव्वीस बी होईन का?’’

तेव्हा व्याहीबुवा, एक काम करा. तोंडाचा व्यास आतून मोजून कळवा. वस्तादाकडे कॅलिपर असेल. पाच मिनिटांचं काम आहे.

विहीणबाईंना नमस्कार. त्यांना यंत्रातलं काय कळतं ते माहीत नाही, पण माणसातलं कळतं एवढं मी लग्नाच्या बोलणीतच ओळखलं होतं.

तुमचा,
बोटवाला व्याही

*

दि. २७ फेब्रुवारी

प्रिय व्याही,

सादर नमस्कार. आपल्या श्रमांबद्दल आभारी आहे. आपल्या पत्रात त्या वस्तूचे नाव दोन निरनिराळ्या प्रकारांनी लिहिले गेले आहे. कोणत्याही एकावर ठाम राहावे, एवढीच सूचना.

व्यास मोजणार नाही. रागावू नका, कारण सांगतो. ग्रंथालयात जाऊन ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि वर्ष सांगितल्यावर ग्रंथपालाने जर ‘‘पुस्तक किती बोटे जाड आहे?’’ असे विचारले, तर आपण काय म्हणाल? क्रमांक कोरलेला आहे. कोरणाऱ्याने तो विचार करूनच कोरला असणार. लेखी पुरावा समोर असताना फूटपट्टी घेऊन बसणे मला जमणार नाही. मी आयुष्यभर छापील अक्षराच्या आधारावर जगलो आहे आणि त्याने मला फसवलेले नाही.

आपल्या त्या डॉक्टरांना माझा निरोप द्यावा की, कपिला ही अत्यंत घरंदाज मोटार असून तिच्या सात पिढ्यांत कोणी सामान वाहिलेले नाही. ‘व्हॅन’ हा शब्द मी मोठ्याने वाचताच आमच्या सौभाग्यवतींच्या हातून दूध उतू गेले. इतका धक्का त्यांनाही बसला, यावरून काय ते समजावे. नंतर त्यांनी आपला पत्ता माझ्याकडून लिहून घेतला. विहीणबाईंना विणकामाचा कसला नमुना पाठवायचा आहे म्हणे.

अलीकडे त्या रोज संध्याकाळी फिरायला जातात, त्या नेमक्या वस्तादांच्या गॅरेजवरून. नातीच्या नोकरीची काळजी त्यांनाही लागून राहिली आहे. बोलून दाखवत नाहीत, एवढेच.

आपला,
निवृत्त मुद्रितशोधक

*

८ मार्च

व्याहीबुवा,

नमस्कार. जिंकलो! सव्वीस बी मिळाला. एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याने तेलकट कागदात गुंडाळून कपाटात ठेवला होता. मी म्हटलं, ‘‘वापरला का नाही?’’ तर म्हणाला, ‘‘गाडी आधी गेली. हा मागे राहिला.’’ बिल्ला नवाकोरा आहे. पार्सल आजच टाकलं.

डॉक्टरचं मनावर घेऊ नका. त्याच्या म्हणण्याबद्दल आता मी एक अक्षर बोलणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका. व्यासाचा विषयही माझ्यापुरता संपला.

फक्त एक विनंती. जुना कार्ब्युरेटर (बघा, ठाम राहिलो!) भंगारात टाकू नका. तडा गेला असला तरी ठेवा. बोटीवरची सवय आहे, जुना भाग नवा रुळेपर्यंत समुद्रात टाकायचा नाही.

विहीणबाईंना सांगा, नमुना पोहोचला. फार सुंदर आहे. वीण इतकी घट्ट, की टाका कुठे घातला ते शोधूनही सापडत नाही.

तुमचा,
बोटवाला व्याही

*

दि. १८ मार्च

प्रिय व्याही,

सादर नमस्कार आणि त्रिवार अभिनंदन! कार्ब्युरेटर पोहोचला, बसला आणि पहिल्याच किल्लीला कपिला हंबरली. बसवण्याआधी जुना आणि नवा कार्ब्युरेटर शेजारी ठेवून मी दोन्हींवरचे बिल्ले वस्तादांना वाचून दाखवले. ते फडक्याला हात पुसत राहिले. पराभव मान्य करण्याची प्रत्येकाची रीत निराळी असते.

गावातून तीन फेऱ्या मारल्या. टपाल कचेरीसमोर मुद्दाम थांबलो. गाडीचा आवाज पूर्वीपेक्षाही मृदू आहे. सौभाग्यवती शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘सपाटीवर काय, खुर्चीसुद्धा चालेल. एकदा चढणीवर नेऊन बघा.’’ मी म्हणालो, ‘‘चढण गाडी चढत नसते, चालवणारा चढत असतो.’’ त्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिले.

नातीला तार केल्यासारखे एका ओळीचे पत्र धाडले आहे: ‘‘लक्षात आहे.’’

आपला ऋणी,
निवृत्त मुद्रितशोधक

*

दि. २४ मार्च

महोदय,

आपण पाठवलेला नग सदोष आहे.

काल घाटात गेलो. पहिले वळण तिसऱ्या गियरमध्ये घेतले; दुसऱ्या वळणावर दुसरा लागला; तिसऱ्यावर पहिला. त्यानंतर कपिलेला धाप लागली आणि ती थांबली. आम्ही उभे असताना एक सायकलस्वार आम्हाला ओलांडून गेला. जाताना म्हणाला, ‘‘काका, दोरी आणू का?’’ तेथून मला गाडी मागे मागे आणावी लागली. ज्या घाटाच्या गोष्टी मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितल्या, त्या घाटातून मी उलट्या तोंडाने उतरलो.

प्लग बदलले, पेट्रोल बदलले, माझा पायही तपासून पाहिला. दोष कार्ब्युरेटरचाच आहे. त्या टॅक्सीवाल्याने तो वापरला का नाही, हे आता उमगले.

सोळा तारखेला नातीसाठी भाड्याची गाडी सांगावी, असा विचार आहे. तिला काय लिहावे, ते मात्र सुचत नाही. तीन कागद फाडले.

आपला,
नि. मु.

*

२९ मार्च

व्याहीबुवा,

‘महोदय’ म्हणालात, तेव्हाच ओळखलं की पारा किती चढलाय. चालायचंच. बोटीवर कॅप्टन मला यापेक्षा वाईट हाक मारायचा.

नग सदोष नाही. अगदी अस्सल, निर्दोष सव्वीस बी आहे, आणि दुखणं नेमकं तेच आहे. यापुढचं मी सांगणार नाही, शब्द दिलाय. कोणाला ते विचारू नका. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.

तेव्हा असं करा. जुना कार्ब्युरेटर घ्या. झाकणावरचा पितळी बिल्ला धरणारा स्क्रू सोडवा. बिल्ला बाजूला करा आणि त्याच्याखाली बघा.

मग स्वयंपाकघरात जा.

आणि भाड्याची गाडी एवढ्यात सांगू नका.

तुमचा,
बोटवाला व्याही

*

दि. २ एप्रिल

प्रिय व्याही,

सादर नमस्कार. ‘महोदय’ हा शब्द मागे घेतो. पुढील मजकूर शांतपणे वाचावा. मी तो शांतपणे लिहिण्यासाठी दोन दिवस थांबलो आहे.

बिल्ला काढला. खाली ओतीव धातूतच अक्षरे होती: ‘३२ एम’. मी बराच वेळ ती वाचत राहिलो. मग कॅलिपर आणून तोंडाचा व्यास मोजला. बत्तीस मिलिमीटर. मग आपल्या आज्ञेप्रमाणे स्वयंपाकघरात गेलो.

आमच्या सौभाग्यवती शेंगा सोलत होत्या. मी वस्तू त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पाहिली आणि शेंगांची परात जरा बाजूला सरकवली. ‘‘बसा,’’ म्हणाल्या. ‘‘उभ्याने ऐकायचं नाही ते.’’

मी बसलो.

‘‘तुम्ही कोशाच्या कामासाठी पावसाळाभर परगावी होतात, आठवतं? तेव्हा बसचा संप झाला. आपल्या लेकीची परीक्षा घाटापलीकडे. म्हटलं, गाडी आहे, मी आहे.’’

‘‘आपल्याला गाडी घाटात चालवता येते?’’

‘‘तुमच्याआधीपासून. पण तेव्हा ती चढेचना. दर वळणाला धापा! वस्तादाच्या वडिलांनी इंजिन उघडलं, सिलिंडर रुंद करून घेतले.’’

‘‘आपण मला ‘साफसफाई केली’ असे लिहिले होते.’’

‘‘मग साफच झालं होतं की! पण आता इंजिनाचं पोट मोठं झालं आणि घास तेवढाच. जुना कार्बोरेटर पुरेना. त्यांच्याकडे बेकरीच्या व्हॅनचा पडून होता. बोल्ट तेच, तोंड मोठं. बसवला, आणि कपिला बकरीसारखी घाट चढली. महिनाभर नेली-आणली पोरीला.’’

‘‘आणि बिल्ला?’’

‘‘ती कल्पना माझी.’’ हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो मी आमच्या लग्नाच्या छायाचित्रातही पाहिलेला नाही. ‘‘तुम्ही आलात की झाकण उघडून बघणार, हे मला माहीत होतं. आणि समजलं असतं तर मूळचा भाग मिळेपर्यंत गाडी वर्षभर फडक्याखाली झाकून ठेवली असती. म्हणून जुन्याचा बिल्ला काढून नव्यावर बसवला. अहो, तुम्ही वाचल्याशिवाय विश्वास ठेवत नाही, आणि एकदा वाचलंत की मग शंका घेत नाही.’’

व्याही, माझ्या स्वभावाचे इतके नेमके आणि इतके थोडक्यात वर्णन आजवर कोणी केलेले नाही. मी त्यात एकही शब्द बदलू शकलो नाही.

‘‘मुलीला हे ठाऊक होते?’’ मी विचारले.

‘‘मागे बसून अभ्यास करत होती ना ती!’’

‘‘म्हणजे मी पाहुण्यांना तिसऱ्या गियरच्या गोष्टी सांगत होतो, तेव्हा...’’

‘‘तेव्हा मी चहा ओतत होते. छान सांगायचात. मोडावंसं वाटलं नाही कधी.’’

मी अंगणात जाऊन कपिलेच्या पायरीवर बसलो. राग यावा म्हणून प्रयत्न केला. माझ्या मूळच्या गाडीच्या पोटात बेकरीची व्हॅन आहे. माझे घाटातले कौशल्य पाव वाहण्यासाठी बनवलेले आहे. आणि आपले डॉक्टर नुसती आकृती पाहून हे बोलले, तेव्हा मी त्यांना सात पिढ्या ऐकवल्या! गर्वाचे घर खाली, अशी गत. पण मग तो सायकलस्वार आठवला, ‘‘दोरी आणू का?’’ आठवले, आणि मला हसू आवरेना. सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या. ‘‘रडताय की हसताय?’’ म्हणाल्या. ‘‘शेंगा आणा, दोघे सोलू,’’ मी म्हणालो.

तर आता विनंती अशी: क्रमांक ३२ एम, बेकरीच्या व्हॅनचा. व्यास आतून बत्तीस मिलिमीटर. मोजला आहे. दोनदा मोजला आहे. सोळा तारीख तोंडावर आली आहे. मिळेल की नाही, ते कृपया परतीच्या टपालाने कळवावे.

आपला,
निवृत्त मुद्रितशोधक

*

७ एप्रिल

व्याहीबुवा,

दोनदा मोजलंत! हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. तिने ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

बत्तीस एम मिळेल का म्हणता? अहो, तो माझ्या कपाटात आहे, मार्चच्या सुरुवातीपासून! विहीणबाईंचा ‘नमुना’ आला त्याच दुपारी डॉक्टरकडे जाऊन तुमच्या चित्रावर व्हॅनचा कार्ब्युरेटर ठेवला. असा बसला, की पेन्सिलीची रेघ दिसेना. तुमचं चित्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. तुम्हीच त्याचं ऐकलं नाहीत.

मग आधी का नाही पाठवला? विहीणबाईंनी शब्द घेतला होता. ‘‘त्यांना सव्वीस बीच द्या,’’ असं त्यांनी लिहिलं होतं, ‘‘चालला तर उत्तम, मीही विसरून जाईन. नाही चालला तर चढणच त्यांना सांगेल, माझ्या तोंडून नको.’’ असा डाव मी बुद्धिबळातही पाहिला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण वळसा मुद्दाम घालायला लावलेला!

पार्सल करत नाही. नात चौदाला आमच्याकडून तुमच्याकडे निघतेय, तिच्याच हाती देतो. तिला सगळं सांगितलंय. दहा मिनिटं हसली आणि मग म्हणाली, ‘‘आजोबा बोललेच होते, लक्षात आहे म्हणून.’’

आता एक कुतूहल. नव्याच्या झाकणावर ‘३२ एम’ उघडं दिसतं. तुमच्या पितळी बिल्ल्याचं काय करणार?

तुमचा,
बोटवाला व्याही

*

दि. १७ एप्रिल

प्रिय व्याही,

सादर नमस्कार. काम फत्ते झाले.

नात कार्ब्युरेटर मांडीवर घेऊन आली, बाळासारखा शालीत गुंडाळून. वस्तादांनी तो बसवला. या वेळी मी काहीही वाचून दाखवले नाही. उलट विचारले, ‘‘तुम्हालाही ठाऊक होते ना?’’ ते फडक्याला हात पुसत म्हणाले, ‘‘वडील सांगून गेले होते साहेब, बाईंनी परवानगी दिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.’’ मी ज्याला पराभव समजलो होतो, ती इमानदारी होती.

काल सकाळी निघालो. नात शेजारी, सौभाग्यवती मागे. पहिले वळण तिसऱ्या गियरमध्ये, दुसरे तिसऱ्या, तिसरेही तिसऱ्या. चौथ्या वळणावर तो सायकलस्वार उतरून सायकल ढकलत होता. मी काच खाली केली आणि विचारले, ‘‘दोरी आणू का?’’ नातीने टाळी दिली. मागून आवाज आला, ‘‘पुढे बघा!’’

वेधशाळेच्या फाटकाशी नात उतरली. तिने बॅग खांद्याला लावली, कपिलेच्या टपावर दोनदा थाप मारली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, आता हवामान मी बघते. तुम्ही फक्त रस्ता बघा.’’ मग ती आत गेली. मागे वळून पाहिले नाही. कामावर जाणाऱ्या माणसाने तसेच जावे.

परतताना मी किल्ली सौभाग्यवतींच्या हातावर ठेवली. त्या चालकाच्या आसनावर बसल्या, आरसा आपल्या उंचीला लावला आणि गाडी घाटातून अशी उतरवली, की प्रत्येक वळण त्यांची वाट पाहत उभे आहे असे वाटावे. मी शेजारी बसून तो सोहळा मन भरून पाहिला.

आता आपल्या कुतूहलाविषयी. पितळी बिल्ला मी स्वतः, माझ्या हाताने, नव्या कार्ब्युरेटरच्या झाकणावर बसवला आहे. त्यावर ‘२६ बी’ लिहिले आहे आणि ते खोटे आहे, हे पूर्णपणे जाणून बसवला आहे. आमच्या व्यवसायाचा एक जुना नियम आहे: हस्तलिखितात लेखकाने जे हेतुपुरस्सर लिहिले आहे, त्याला शोधकाने हात लावू नये, फार तर समासात खूण करावी. ही गाडी माझी आहे, या समजुतीत मी आजवर होतो. लेखिका कोण, ते आता कळले.

अस्सल, निर्दोष सव्वीस बी माझ्या मेजावर आहे. वाऱ्याने आपली पत्रे उडू नयेत, म्हणून त्यांवर ठेवला आहे. या कामात तो अत्यंत समर्थ आहे.

आपला,
निवृत्त मुद्रितशोधक

(समासात, दुसऱ्या हस्ताक्षरात:)

व्याहीबुवा, ह्यांनी पत्र समास सोडून लिहिलंय म्हणून मीच खूण करते. बाकी सगळं खरं आहे. फक्त तो सोहळा ‘मन भरून पाहिला’ म्हणतात ना, त्या अख्ख्या घाटात ह्यांचे डोळे गच्च मिटलेले होते.